ज्वालामुखीत लावलेला कुकर

परत आल्यापासून इथे भोपाळला शाहपुऱ्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मला एकच विचारतात, ज्वालामुखी पाहिलात का? पाहिला म्हटलं की पुढचा प्रश्न, आग कशी होती? आग नव्हती म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. माझ्याबरोबर कारखान्यात लागलेले आणि माझ्याबरोबरच निवृत्त झालेले एक शेजारी तर म्हणाले, "यार, आग नाही तर मग कशाला गेलात इतक्या लांब? आपल्या भट्टीत काय वाईट होतं?" त्यांचं अगदीच चूक नाही. पण रोज सकाळी उभं राहून खुलासा करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं असं मी ठरवलं आहे.

बेटाचं नाव साओ मिगेल. अझोर्स नावाच्या बेटांच्या झुबक्यातलं सगळ्यात मोठं बेट. मालकी पोर्तुगालची, पण पत्ता अटलांटिक महासागराचा. आमची मुलगी मुग्धा लिस्बनला नोकरी करते. तिने आम्हा दोघांना दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यायचं ठरवलं होतं. मीच म्हटलं, समुद्र नको, ज्वालामुखी दाखव. उभा जन्म पिपलानीच्या कारखान्यात वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनमागे घालवलेला माणूस, जिथे वाफ जमिनीतून फुकट येते ती जागा एकदा बघावी म्हणतो. मुग्धाला हे पटलं. कारण खोटं नव्हतं, फक्त खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या बायकोला, सुलभाला, कोरोनापासून वास येत नाही. खारट, गोड, तिखट एवढं कळतं. पण हिंग आणि धणे तिच्या लेखी सारखेच. डॉक्टरांनी रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी असं काही ना काही हुंगायला सांगितलं होतं. वास येईलही किंवा येणारही नाही, असंही सांगितलं होतं. तिने बरेच महिने इमानेइतबारे हुंगलं आणि मग एक दिवस लवंगा उचलून परत मसाल्याच्या डब्यात टाकल्या. सुलभा इंदूरची. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा उन्हाळ्यात तिचा गोडा मसाला भाजायला लागला की मागच्या गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. ते सगळं बंद झालं. तरी रोजचा स्वयंपाक ती अंदाजाने रेटत होती. मग एका दुपारी मी बाहेरून आलो तर दारातच गॅसचा वास, आणि आत ही निवांत मेथी निवडत बसलेली. भोपाळमध्ये आमच्या वयाच्या माणसाला गॅस म्हटलं की आधी सिलिंडर आठवत नाही. मी खिडक्या उघडल्या, शेगडी काढून टाकली, विजेची शेगडी आणली आणि स्वयंपाकाला बाई ठेवली.  तेव्हापासून स्वतःच्या स्वयंपाकघरात सुलभा पाहुण्यासारखी जाते, पाणी पिते आणि परत येते.

मुग्धाला हे ठाऊक नव्हतं. वास केव्हाच परत आला, असं सुलभाने तिला फोनवर सांगून टाकलं होतं, आणि मला डोळ्यांनी दटावलं होतं. या बेटावर गंधकाचा असा काही वास येतो की भले भले नाक धरतात, असं मी कुठेसं वाचलं. ज्या नाकाला लवंगेने जाग आली नाही त्याला कदाचित याने येईल, एवढाच माझा हिशेब होता.

पोन्ता देल्गादा

बेटावर जाताना लिस्बनच्या विमानतळावर आमचा कुकर पकडला गेला. मुग्धासाठी भोपाळहून नेलेला, आत भाताचा, वरणाचा आणि बटाट्यांचा असे तीन डबे बसणारा कुकर. बेटावर शाकाहारी माणसाचे हाल होतील म्हणून सुलभाने तो हातातल्या पिशवीत घेतला होता. तपासणीच्या बाईंना मी शिट्टी दाखवून दाबाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या माणसाला बोलावलं. मग मी त्यालाही समजावलं. शेवटी मुग्धाने पोर्तुगीजमध्ये दोन शब्द सांगितले आणि त्यांनी लगेच सोडलं. काय सांगितलंस, तर म्हणे, "आई का है, बस."

बेट हिरवंगार आहे. आपल्याकडे शेताला काटेरी कुंपण असतं, तिथे निळ्या फुलांचं असतं. हायड्रेंजियाचे कोबीएवढे गड्डे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल. त्या कुंपणांच्या आत गाई. माणसांपेक्षा गाई जास्त आहेत असं तिथली माणसंच सांगतात, आणि गाई ते खोडून काढत नाहीत. भोपाळमध्येही रस्त्यावर गाई असतात, पण त्या बसलेल्या असतात. इथल्या चरतात.

पोन्ता देल्गादा हे बेटावरचं मुख्य गाव, त्याच्या बाहेर अननसाच्या बागा आहेत, काचेच्या घरांत. काचांना चुना फासलेला असतो. सगळ्या झाडांना एकदम फुलं यावीत म्हणून आत धूर करतात. हे ऐकून मला आमच्याकडची डास पळवण्याची गाडी आठवली, पण तिच्यामुळे कशालाच फुलं आलेली मी पाहिली नाहीत. बागेतल्या माणसाने एक पिकलेला अननस कापून सुलभाच्या नाकाशी धरला. घमघमाट माझ्यापर्यंत येत होता. सुलभाने आधी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने डोळे मिटून मोठा श्वास घेतला, आणि मग सुलभाने डोळे मिटले. "वा, काय वास आहे," ती म्हणाली.

हे तिने गेल्या काही वर्षांत कमावलं आहे. आधी समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आपला तसा करायचा. फक्त किंचित उशीर होतो. मुग्धाला तो उशीर दिसत नव्हता. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

सेते सिदादेस

दुसऱ्या दिवशी सेते सिदादेसची दोन तळी बघायला गेलो. फार पूर्वी फुटून खचलेल्या ज्वालामुखीच्या पोटात ही तळी आहेत, एक हिरवं आणि एक निळं, मधे पूल. एक राजकन्या आणि एक गुराखी यांची ताटातूट झाली आणि त्यांच्या रडण्याने ही तळी भरली असं सांगतात. भोपाळसारखं ज्या गावात मोठं तळं आणि छोटं तळं असतं आणि मधल्या पुलावरून रोज ऑफिसला जावं लागतं, त्या गावच्या माणसाला यात फार नवल वाटत नाही. आमची तळी भरायला कोणी रडलं नव्हतं. रडतात ते पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले लोक.

वर पोचलो तर धुकं. तळी सोडाच, आपला हात दिसेना. एकेक गाडी येत होती, माणसं उतरून पांढऱ्या भिंतीकडे बघत होती, तिचा फोटो काढत होती आणि जात होती. आम्ही थांबलो. बसायला बाक होता आणि पिशवीत लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली तिखट शेव, होती. या दोन गोष्टी असल्या की भोपाळचा माणूस हलत नाही. बऱ्याच वेळाने कुणीतरी पदर ओढून घ्यावा तसं धुकं सरकलं आणि खाली दोन्ही तळी दिसली. खरंच एक हिरवं, एक निळं. सुलभा उभी राहिली. मी शेव चावायचा थांबलो.

मुग्धा गाडी आणायला गेली तेव्हा सुलभा म्हणाली, "चला, डोळ्यांचं तरी पोट भरलं." मग बाकावर बसून तिने ओढणी सारखी केली. "घरी गेल्यावर मसाल्याचे डबे शेजारच्या वहिनींना देऊन टाकू. मागच्या वर्षीचे धणे तसेच पडलेत, उगाच जाळी धरतेय."

मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, "बघायचं काय त्यात. मी केलीय मनाची तयारी."

लग्नानंतर बरखेड्याला बिऱ्हाड केलं तेव्हा पहिल्या दिवशी तिने घरात दुसरं काही न लावता आधी ते डबे लावले होते. मला त्या बाकावर भयंकर वाईट वाटलं. धुकं परत आलं होतं आणि बघायला काही उरलं नव्हतं.

फुर्नास

फुर्नास हे बेटाच्या पूर्वेकडचं गाव. इथे जमीन अजून तापलेली आहे. गावाजवळच्या तळ्याकाठी मातीत खड्डे केलेले आहेत आणि त्या खड्ड्यांत स्वयंपाक होतो. हॉटेलवाले उजाडायच्या आत आपापली पातेली आणून पुरतात, वर लाकडी झाकण आणि मातीचा ढिगारा. ढिगाऱ्यावर हॉटेलच्या नावाची पाटी. पहाटेच्या अंधुक उजेडात ते पाट्या लावलेले ढिगारे बघून मनात काय येतं ते मी लिहीत नाही. दुपारी पातेली वर काढतात. आत कोबी, रताळी, बटाटे आणि ओळखीच्या-अनोळखी प्राण्यांचं मांस.

घरची पातेली आणणाऱ्यांसाठीही थोडे खड्डे असतात. हे कळल्यावर सुलभा एकदम म्हणाली, "आपण कुकर लावू." किती दिवसांनी तिने स्वयंपाकाचं नाव काढलं होतं. मला कारण माहीत होतं. कुकर ही एकच गोष्ट अशी की जिला नाक लागत नाही. शिट्ट्या मोजता आल्या की झालं. घरी एखाद्या दिवशी बाई आली नाही, तर तेवढा कुकर मात्र सुलभा लावते, आणि शिट्ट्या होईपर्यंत तिथून हलत नाही.

खड्ड्यांचा रखवालदार रबरी बूट घातलेला, गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याने कुकर हातात घेतला, फिरवून पाहिला, शिट्टी उचलून पाहिली आणि मान हलवली. असलं काही जमिनीत पुरू देणार नाही. मुग्धाने पुष्कळ समजावलं. शेवटी शिट्टी काढून ठेवायची या अटीवर तो तयार झाला. त्याने शिट्टी रुमालात बांधून सुलभाच्या हातात दिली, कुकरला दोरी बांधली आणि आमचा कुकर वरच्या उघड्या भोकासकट खाली सोडला.

"शिट्टीशिवाय झालं हे कळणार कसं?" सुलभाने विचारलं.

मी सांगितलं की शिट्टी असती तरी वाजली नसती. बाहेर वाफ, आत वाफ, दोन्ही सारख्याच तापलेल्या. दाब धरणार कुठून? टर्बाइनवाल्याचं हे बोलणं तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे कान पण नाही," ती हळूच म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "दुपारपर्यंत भाताचा गोळा होणार, बघा तुम्ही."

शेजारच्या खड्ड्यात तेरेझा नावाच्या बाईने आपलं पातेलं सोडलं होतं. तिच्याकडे मुलगा-सून जेवायला यायचे होते. ती आणि सुलभा मातीच्या दोन ढिगाऱ्यांजवळ उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. एक पोर्तुगीजमध्ये, एक मराठी-हिंदीत. विषय सून हाच असावा, कारण दोघींच्याही माना एकाच वेळी हलत होत्या. सुलभाला सून नाही, पण मत आहे.

मधल्या वेळात आम्ही गावातली उकळती कुंडं बघायला गेलो. ज्यासाठी आलो होतो ते हेच. कठड्यामागे राखाडी पाणी गडगड उकळत होतं आणि वाफेचे लोट अंगावर येत होते. वास म्हणाल तर नासकी अंडी. माझ्या पुढे उभा असलेला एक धडधाकट तरुण नाक धरून मागे वळला. मुग्धाने "बाप रे" म्हणत स्कार्फ तोंडावर घेतला. मी कुंडाकडे बघत नव्हतो. मी सुलभाकडे बघत होतो. तिने मुग्धाकडे पाहिलं, मग ओढणीचं टोक उचलून नाकाला लावलं.

तोच तो उशीर.

मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. मुग्धाने दोनदा हाक मारली तरी हललो नाही. वाटलं, जरा वेळाने परत तिला इथे आणावं, अजून जवळ न्यावं. मग स्वतःचाच राग आला. बायकोला विमानात बसवून अर्ध्या जगापलीकडे घाण हुंगायला आणणारा मी पहिलाच नवरा असेन, आणि त्या घाणीनेही हात टेकले होते. स्वेटर वाफेने ओलाकच्च होईपर्यंत मी तसाच उभा होतो.

बाहेर एक बाई त्या कुंडातल्या पाण्यात उकडलेले भुट्टे विकत होती. भुट्टा हा भाजायचा असतो, वर लिंबू-मीठ-तिखट चोळायचं असतं, हे त्या बेटावर कुणाला माहीत नाही. आम्ही खाल्ले. परक्या मुलखात तत्त्वं फार ताणू नयेत.

दुपारी कुकर वर आला. खड्ड्याभोवती गर्दी जमली होती आणि पाटीवाल्या मोठ्या पातेल्यांनंतर दोरीला लोंबकळत आमचा कुकर निघाला तेव्हा लोकांनी त्याचे सगळ्यात जास्त फोटो काढले. तळ्याकाठी लाकडी टेबलं होती. सुलभाने झाकण काढलं, डबे उतरवले, वरणात मीठ-हळद घालून ढवळलं. भाताचा खरोखरच गोळा झाला होता. तिने आम्हा दोघांना वाढलं, वर घरून आणलेल्या तुपाची धार सोडली, आणि आम्ही काय म्हणतो ते बघत बसली.

मी पहिला घास तोंडाशी नेला आणि थांबलो. शिट्टीच्या उघड्या भोकातून सकाळपासून जमिनीची वाफ आत शिरत होती. भाताला त्या कुंडाचा वास लागला होता, आणि वरणाला भातापेक्षा जास्त. मुग्धाने घास तोंडात घातला होता. तिचा चेहरा आक्रसला, आणि बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सुलभाने स्वतः एक घास घेतला.

"गोळा झालाय," ती शांतपणे चावत म्हणाली. "पण चांगला लागतोय, नाही?"

मुग्धा तिच्याकडे बघत राहिली, मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. इतकी वर्षं फोनवर जे लपवलं ते पोरीला त्या एका घासात कळलं.

"खूप छान झालाय, आई," मुग्धा म्हणाली. "अजून वाढ ना."

सुलभाला आनंद झाला. तिने अजून वाढला. तेरेझालाही एका वाटीत दिला. तेरेझाने चव घेतली, क्षणभर थांबली, आणि छातीवर हात ठेवून गोड हसली. ती सासू होती, तिला असे प्रसंग नवे नसावेत. उरलेला भात सुलभाने डब्यात भरून घेतला.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. मुग्धा गाडी चालवत होती, आम्ही दोघं मागे. काचा बंद, आत गरम हवा सोडलेली.  आरशात मुग्धाचे डोळे दिसत होते आणि ते कोरडे नव्हते. एका वळणावर गाई रस्ता ओलांडत होत्या, म्हणून गाडी थांबली. आम्ही तिघंही गाईंकडे बघत होतो.

"अहो," सुलभा गाईंवरची नजर न काढता म्हणाली, "तो स्वेटर काढा बघू आधी. कुजका वास मारतोय."

मी स्वेटर काढायला लागलो. इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. एक बाही काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि हात तिथेच थांबला.

कुणी नाक धरलं नव्हतं. कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. बघून घ्यायला समोर एकही चेहरा नव्हता, फक्त गाई होत्या.

सुलभाच्याही ते लक्षात आलं. मग तिने माझी लोंबणारी बाही दोन्ही हातांनी धरून नाकाला लावली. एकदा, परत एकदा. "ईऽ," ती म्हणाली. "किती घाण आहे हो." आणि रडायला लागली. मीही रडलो, सांगायला लाज कसली. मुग्धाने गाडी बंद केली. गाई केव्हाच पलीकडे गेल्या होत्या आणि आमच्यामागे दुधाचा टँकर येऊन उभा होता. भोपाळमध्ये एव्हाना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. त्या माणसाने साधा हॉर्नही वाजवला नाही.

मग सुलभाने सगळं हुंगायला सुरुवात केली. माझा रुमाल, मुग्धाचे केस, गाडीची गादी. त्यांचा वास आला नाही. लौंग सेवचाही नाही. पिशवीतला डबा काढून तिने उघडला, आत नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"हे तुम्ही खाल्लंत?"

"खाल्लं," मी म्हणालो.

"दोघांनी?"

"मी तर दोनदा घेतला," मुग्धा पुढून म्हणाली. तिला धड बोलता येत नव्हतं.

"आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत मला."

 सुलभाने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मुग्धाने गाडी रस्त्याच्या कडेला, त्या निळ्या कुंपणाला लावून उभी केली आणि टँकर निघून गेला. सुलभाने डबा मांडीवर घेतला. गार भाताचा एक घास मोडला, नाकाशी नेला, तोंड वेडंवाकडं केलं आणि खाल्ला. मग दुसरा. प्रत्येक घास आधी नाकाशी.

"आई, टाकून दे ना ते," मुग्धा म्हणाली. "हॉटेलमध्ये कुछ अच्छा खाते हैं."

"थांब गं," सुलभा म्हणाली, "मला वास घेऊ दे." आणि नासक्या अंड्यांच्या वासाचा तो भात तिने शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.